नळ्या उलट्या बसल्या, दोष मात्र पंपाला!

घरच्या घरी गाडी खोलणाऱ्याला नावे ठेवायची आपल्याकडे खोड आहे. "मिस्त्रीचं काम मिस्त्रीला करू द्यावं," हे बोलणे सोपे. पण लोणी काळभोरच्या मळ्यातून मेथी-कोथिंबिरीचा टेंपो रात्रीतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा असतो, तेव्हा मिस्त्री झोपलेला असतो. डिझेल फिल्टर बदलणे, गळकी नळी काढून नवी घालणे ही कामे घरीच व्हावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घोटाळा होतो तो बहुधा दोन नळ्यांत. एक टाकीतून डिझेल आणणारी, दुसरी पंप-इंजेक्टरकडून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी. दोन्ही काळ्या, धुळीने माखलेल्या, जाडीही जवळजवळ तीच. उलट्या बसल्या तरी गाडी लगेच बंद पडेलच असे नाही, आणि माणूस फसतो तो इथेच. फिल्टरमधल्या डिझेलवर इंजिन सुरू होते. अनेक टाक्यांत परतीची नळी वरच्या वरच संपते, तळापर्यंत जात नाही. टाकी भरलेली असेल तर त्या नळीतूनही डिझेल ओढले जाते. टाकी उतरली की ती हवा ओढू लागते. मग गाडी सोलापूर रस्त्यावर, डेपोच्या टँकरांच्या रांगेत बंद! मालक म्हणतो, "पंप गेला." पंप उतरवून दुकानात जातो, पैसे जातात, नळ्या मात्र उलट्याच.

रोटरी पंपात आणखी एक खोच आहे. परतीच्या बोल्टला आत बारीक भोक असते आणि डोक्यावर बहुधा 'आउट' अशी अक्षरे. दिसायला दोन्ही बोल्ट जुळे भाऊ. तो बोल्ट येणाऱ्या बाजूला लागला की पंपाला डिझेल पुरत नाही.

तेव्हा दुरुस्तीनंतर गाडी अडली, तर शेवटी जिथे हात लावला तिथेच आधी परत जा. सेल्फ मारत बसू नका, बॅटरी बसेल. टाकीपासून नळी हाताने धरत पुढे चला : टाकी, फीड पंप, फिल्टर, मग मोठा पंप. फिल्टरच्या डोक्यावर बाण असेल तर तो पाहा. नळ्या जागेवर घेतल्या की तांब्याचे वायसर नवे टाका आणि एअर काढा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड प्राइमर मारत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळा. पुढच्या वेळी सोडतानाच एका नळीला लाल चिंधी बांधा, मोबाइलवर फोटो काढा. मिस्त्रीकडे जायची वेळ आलीच, तर काय काय खोलले ते लपवू नका.

ही मुभा जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांपुरतीच. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत कॉमन रेल असते, तिथला दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर तिथे पाना लावूच नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण बोट कापायची पाळी येऊ शकते. गळती शोधायला हात नको, पुठ्ठा धरा. धार लागलीच तर तडक दवाखाना गाठा.

आता आम्हा सरकारी मंडळींबद्दल. अवजारांच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटीवर भरून घेण्यावर आमचा सगळा जोर. घेतलेले यंत्र सांभाळायचे कसे, हे सांगायला वेळ नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे. पण नळी ओळखायला लोणीच्या माणसाने बुदनीला जायचे काय? खरीपपूर्व सभेच्या दिवशी ग्रामपंचायतीपुढे एक जुने इंजिन मांडा, नळ्या सोडा आणि पोरांना परत जोडायला लावा. शिकवायला गावातलाच मिस्त्री बोलवा, आणि त्याचा दिवसाचा रोज ग्रामपंचायतीने द्यावा.