शाईची कड

पंढरपुरांत राहणाऱ्यास पखवाज ऐकावयास मुद्दाम जावें लागत नाहीं. गेल्या एकादशीस ओसरीवर बसलों असतां जवळच्या मठांतून भजन ऐकूं येत होतें. नातवानें विचारलें, "आजोबा, न पाहतां, नुसत्या आवाजावरून पखवाज कसा बनविला आहे हें कळतें का हो?"

प्रश्न पोरकट नाहीं. वाद्य ठाऊक असतां त्याचे स्वर काढणें हा सरळ प्रश्न. स्वरांवरून वाद्य ओळखणें हा व्यस्त प्रश्न. बाजारांत मडकें बोटानें वाजवून घेणारी गृहिणी हाच व्यस्त प्रश्न सोडवीत असते.

साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटींत नसतात. मध्यभागीं चढविलेल्या शाईच्या भारानें ते जवळजवळ तसे येतात. हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० व १९३४ सालच्या लेखांत दाखविलें. शाई जेथें संपते तेथें हा भार एकाएकीं बदलतो. गणितांत अशा जागेस असांतत्य म्हणतात.

अशा कडेचा ठाव स्वरांवरून लागतो काय? तारेसारख्या वस्तूंपुरतें उत्तर असें कीं, स्वरांची एक यादी सामान्यतः पुरत नाहीं. एका टोकाचें बंधन बदलून दुसरी यादी घेतली, म्हणजे अंतर्रचना निश्चित होते. हें स्वीडनच्या बोर्ग यांनीं १९४६ सालीं सिद्ध केलें. हाल्ड यांनीं १९८४ सालीं असांतत्याचाही विचार केला: अर्धा भाग आधींच ठाऊक असेल, तर एकाच यादीवरून उरलेला अर्धा भाग व त्यांतील असांतत्याची जागा, दोन्ही ठरतात. पृथ्वीच्या कंपनांवरून तिचे अंतस्थ थर ओळखतांना अशाच गणिताची गरज पडते. कातड्याचें मात्र अवघड आहे. ढोलाचा आकार ऐकून कळेल काय, असें मार्क काक यांनीं १९६६ सालीं विचारलें. १९९२ सालीं गॉर्डन, वेब व वोल्पर्ट या तिघांनीं भिन्न आकारांचे, पण तंतोतंत समस्वर असे दोन पडदे दाखवून नकार दिला.

हें वाचतांना मला एक जुनी चूक आठवते. गणिताच्या एका परीक्षेवरून मीं एका मुलास मठ्ठ ठरविलें आणि त्यास शाळेंतून काढावें असा सल्ला त्याच्या वडिलांस दिला. त्यांनीं तो मानला. तोच मुलगा घरच्या दुकानाचा सारा हिशेब तोंडीं करी, हें पुढें त्याच्या आईकडून कळलें. मीं एकच यादी ऐकली होती. अर्धें अंतरंग जिला ठाऊक होतें, तिला मीं विचारलेंच नव्हतें.

नातवास मीं एवढेंच म्हणालों, "बाळ, कांहीं कळतें; पण एकदांच ऐकून नव्हे."