कार्ड घेण्याआधी जागा मोजा!



एका पालकांनी आमच्या शाळेला मुलाचा जुना गेमिंग कॉम्प्युटर दिला. लोकवर्गणीतून त्याला वायफाय कार्ड आणलं. कॅबिनेट उघडलं तर काय, जाडजूड ग्राफिक्स कार्डाखाली दोन्ही छोटे स्लॉट झाकलेले! दुकानदार कार्ड परत घेईना. चूक आमचीच होती. मोजमापाचा धडा मुलांना शिकवतो, पण स्वतः पट्टी लावली नाही.

मायक्रो एटीएक्स मदरबोर्डवर जास्तीत जास्त ४ स्लॉट असतात, त्यांच्यातलं अंतर जेमतेम २ सेंटीमीटर. आमच्या ग्राफिक्स कार्डाने ३ जागा अडवल्या होत्या. सुदैवाने तळाचा लांब स्लॉट मोकळा होता. छोटं एक्स-१ कार्ड लांब एक्स-१६ स्लॉटमध्येही चालतं, म्हणून वर्गणी वाया गेली नाही.

पण माझं मत स्पष्ट आहे. धडे, व्हिडिओ, टायपिंग एवढ्यासाठी मोठं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोय असेल तर ते काढून ठेवा. जागा मिळेल, हवा खेळेल, वीजही वाचेल.

आणि काहीही विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडा, मुलांनाच पट्टी घेऊन मोजू द्या. धडाही होईल, पैसेही वाचतील!