सुट्टीतली मुले आणि एग्मोरचा नटराज

मे महिन्यात चेन्नईच्या शाळा बंद असतात. १८ मेचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनही त्याच सुट्टीत येतो. १८५१ साली सुरू झालेल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयासाठी उन्हाळी शिबिरांना याहून चांगला मुहूर्त नाही.

तिथे तिरुवालंगाडूचा चोळकालीन नटराज आहे, अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. पण नुसती मूर्ती पाहून मूल लगेच पुढे सरकते. त्याला मेणाची बाहुली करू द्या, तिच्यावर मातीचा लेप चढवू द्या. तापवल्यावर मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत धातू ओततात, हे कारागिराकडून पाहू द्या. चोळांची ओतकला मग घोकावी लागणार नाही.

चेन्नईतल्या मराठी मुलांसाठी तंजावरच्या मराठा सरफोजीराजांवर एक सत्र मराठीतही हवेच. आणि महापालिका शाळांतील मुलांना पहिल्या जागा मिळाव्यात, तेही विनाशुल्क.