न लिहिलेला नियम



खेळाच्या तासाला आपण मुलांना एक वाक्य हमखास ऐकवतो. "हार-जीत महत्त्वाची नाही रे, खेळणं महत्त्वाचं!" वाक्य चांगलंच आहे. पण समजा, मुलं खेळायला तयार आहेत, संघ जिंकलेलाही आहे, आणि तरीही मोठ्या माणसांनी सांगितलं की पुढच्या स्पर्धेला जायचं नाही, तर? अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये नेमकं हेच घडलं होतं. ती गोष्ट आठवी-नववीच्या मुलांना जरूर सांगावी असं मला वाटतं. मात्र ती नेहमी जशी सांगितली जाते तशी नको. का, ते पुढे येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलला फार मान आहे. हिवाळाभर विद्यापीठांचे संघ आपापल्या गटात खेळतात आणि मार्च महिन्यात निवडक संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. गटात पहिलं यायचं आणि मार्चमध्ये त्या स्पर्धेत उतरायचं, हे प्रत्येक खेळाडूचं स्वप्न. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेत नसत. म्हणजे हातात संधी असायची फक्त तीन हंगामांची.

मिसिसिपी हे दक्षिणेतलं राज्य. तिथल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ 1959 साली जबरदस्त खेळत होता. हंगामात 24 विजय आणि एकच पराभव! संघाचा तारा होता बेली हॉवेल. सामन्यामागे सरासरी 27.5 गुण काढणारा हा खेळाडू पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला, बॉस्टन सेल्टिक्सकडून 1968 आणि 1969 अशी दोन विजेतेपदं त्याने मिळवली. पण कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही. संघ गटात पहिला आला होता, तरी विद्यापीठाने जायला नकार दिला. 1961 मध्ये पुन्हा तेच. 1962 मध्ये पुन्हा तेच.

कारण काय? तर त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघांशी सामना होऊ शकत होता. मिसिसिपीतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांनी अशा संघांविरुद्ध खेळायचं नाही, असा दंडक होता. आणि गंमत बघा, गंमत कसली, खेदाचीच गोष्ट, हा नियम कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता! तो सगळ्यांना माहीत होता, एवढंच. सही कुणाचीच नाही, त्यामुळे जबाबही कुणाला विचारता येत नाही.

1963 साली संघ पुन्हा गटात अव्वल ठरला. दरम्यान राज्यातलं वातावरण अधिकच तापलेलं होतं. 1962 च्या शरद ऋतूत जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा तिथे दंगल उसळून दोन माणसं मारली गेली होती. अशा वेळी मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष डीन कोल्वर्ड यांनी जाहीर केलं की या वर्षी संघ स्पर्धेला जाणार. प्रशिक्षक बेब मॅकार्थी तर त्याच मताचे होते. खेळाडूंनाही खेळायचंच होतं.

मग राज्याच्या राजकारण्यांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. तो हातात पडण्याआधीच कोल्वर्ड आणि मॅकार्थी राज्याची हद्द ओलांडून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवलं. कुणी अडवत नाही हे पाहिल्यावर मुख्य खेळाडू आले आणि विमान उडालं. बास्केटबॉल खेळण्यासाठी एका विद्यापीठाच्या संघाला आपल्याच राज्यातून असं लपतछपत निघावं लागलं! मुलांना हा भाग सांगाल तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

15 मार्च 1963. मिशिगन राज्यातलं ईस्ट लॅन्सिंग. समोर होता शिकागोचा लोयोला विद्यापीठाचा संघ. त्याच्या पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय खेळाडू होते: जेरी हार्कनेस, लेस हंटर, व्हिक राऊस आणि रॉन मिलर. ही त्या काळात उत्तरेतही साधी गोष्ट नव्हती. तिथल्या प्रशिक्षकांमध्येही एक अलिखित समज होतीच, की एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात नकोत. लोयोलाचे प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी ती मोडली. पण त्याची किंमत मोजली ती खेळाडूंनी. दक्षिणेत सामने खेळायला गेल्यावर प्रेक्षकांच्या शिव्या त्यांनीच ऐकल्या, द्वेषाने भरलेली पत्रं हार्कनेसलाच आली.

सामन्याआधी लोयोलाचा कर्णधार हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा कर्णधार जो डॅन गोल्ड यांनी मधोमध येऊन हात मिळवले. छायाचित्रकारांच्या दिव्यांचा नुसता लखलखाट झाला. सामना शांततेत पार पडला. लोयोलाने तो 61-51 असा जिंकला. पुढे अंतिम सामन्यात तर लोयोला 15 गुणांनी मागे पडला होता. शेवटच्या क्षणी हार्कनेसने बरोबरी साधली आणि जादा वेळेत 60-58 अशा फरकाने सिनसिनाटीला हरवून लोयोला राष्ट्रविजेता झाला.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कर्णधारांनी हात मिळवले, द्वेष हरला, खेळ जिंकला. टाळ्या! माझा आक्षेप आहे तो इथे.

त्या हस्तांदोलनानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा 12 जून 1963 रोजी मिसिसिपीची राजधानी जॅक्सन इथे नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घालून मारण्यात आलं. मिसिसिपी स्टेट विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला 1965 साली. तिथल्या बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू यायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. म्हणजे त्या दिवशी एक दार किलकिलं झालं, इतकंच. मुलांना "आणि मग सगळं ठीक झालं" असं सांगणं म्हणजे इतिहासाचा परीकथेसारखा शेवट करणं.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. ही गोष्ट ऐकली की आपल्याला चटकन वाईट वाटतं ते बेली हॉवेलचं. "अरेरे, एवढा मोठा खेळाडू आणि त्याची संधी हुकली!" वाटायलाच हवं. भेदभाव भिंत बांधणाऱ्याच्या घरातल्या मुलांचंही नुकसान करतो, हे यातून मुलांना नीट कळतं. पण हॉवेलचं नाव आपल्याला निदान माहीत आहे. त्याचे गुण मोजलेले आहेत. त्याच मिसिसिपीत, त्याच वयाचा, तितकाच उंच आणि तितकाच चपळ एखादा कृष्णवर्णीय मुलगा असेल, त्याचं काय? त्याला त्या विद्यापीठाच्या वर्गातच प्रवेश नव्हता, मग संघ आणि स्पर्धा तर लांबच राहिली. त्याची सरासरी कुठल्याही तक्त्यात नाही. ज्याचा सामना हुकला त्याच्याबद्दल आपण हळहळतो. ज्याला कधी मैदानावर येऊच दिलं नाही, तो मात्र आपल्याला दिसतच नाही. म्हणून गोष्ट सांगताना दोन्ही नुकसानं सांगा, आणि मोठं कुठलं तेही सांगा.

तीन वर्षांनी, 19 मार्च 1966 रोजी, टेक्सास वेस्टर्नच्या संघाने अंतिम सामन्यात पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात केली आणि सगळे गोरे खेळाडू असलेल्या केंटकी संघाला 72-65 असं हरवलं. लोकांना हा सामना जास्त माहीत आहे. पण 1963 च्या गोष्टीत शिक्षक-पालकांसाठी एक वेगळा धडा आहे. इथे निर्णय मोठ्यांच्या हातात होता. चार वर्षांत तीनदा मोठ्यांनी नियमाकडे बोट दाखवलं आणि मुलांना घरी बसवलं. चौथ्या वेळी एका अधिकारी माणसाने आपली खुर्ची पणाला लावली. नियम लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो रद्द करायला ठराव लागला नाही. "संघ जाईल" असं कुणीतरी ठामपणे म्हणावं लागलं.

वर्गात हा पाठ घेताना मी तीन प्रश्न सुचवीन. पहिला, हा नियम कुणी केला होता? मुलं गोंधळतील. गोंधळू द्या. दुसरा, तो मोडल्यामुळे कुणाला धोका होता आणि किती? अध्यक्षांना नोकरीचा, खेळाडूंना शिव्यांचा, हार्कनेसला त्याहून जास्त. आणि तिसरा, आपल्याकडे असं कधी झालं का? इथे पळवणकर बाळू यांची आठवण काढा. आपल्या काळातला अव्वल गोलंदाज, 1911 मध्ये इंग्लंडला गेलेल्या संघात चमकलेला. पण मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना जातीमुळे कधीच मिळालं नाही. 1923 मध्ये ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना. तेव्हा "अमेरिकेतले लोक किती वाईट" असं म्हणून मुलांनी वही मिटू नये, एवढी काळजी आपण घ्यायला हवी.

आणि पालकहो, एक काम आपल्या सगळ्यांसाठी. तालुका स्तराच्या स्पर्धेला शाळेचा संघ निघेल, तेव्हा निवडलेल्यांची यादी आपण कौतुकाने वाचतोच. या वेळी यादीत कोण नाही तेही बघा. सातवीनंतर मुली मैदानावर दिसेनाशा का होतात? वस्तीवरची मुलं सरावाला थांबत नाहीत, की शेवटची एसटी चुकेल म्हणून थांबू शकत नाहीत? कुणाच्या बुटांअभावी नाव गळलं का? यातलं काहीही शाळेच्या नियमावलीत सापडणार नाही. म्हणूनच ते मुख्याध्यापकांना, पीटीच्या सरांना आणि स्वतःला तोंडाने विचारावं लागेल. विचाराल ना?