पनीरचा पाहुणचार

दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट समोर असताना, खाण्यावरून भांडण उकरून काढू नये हे मला कळते. तरी मी ते काढणार आहे. गेले दहा महिने ही गोष्ट माझ्या घशात अडकून बसली आहे, आणि चकलीबरोबर ती खाली उतरेल असे काही दिसत नाही.

मी नरखेड तालुक्यातला. जलालखेड्याकडे आमची थोडी संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार उतरला, बाग मोकळी झाली, की चार दिवस कुठे तरी हिंडून यावे असे आमच्या घरात दर वर्षी ठरते आणि दर वर्षी राहून जाते. मागच्या जानेवारीत मात्र गेलो. कुठे? तर नागपूरला. हसू नका. लोक काश्मीर पाहतात, केरळ पाहतात. पण ज्या शहराशी आपला संबंध कचेरी, इस्पितळ आणि मंडी एवढाच आला, ते शहर एकदा काहीही काम नसताना, नुसते खाण्या-फिरण्यासाठी पाहावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. नरखेडला गाडीत बसायचे. काटोल गेले, कळमेश्वर गेले, की आले नागपूर. तिथे पुतण्या नोकरीला आहे. त्याच्याकडे उतरलो.

पुतण्याच्या आणि सूनबाईच्या मायेत मी खोट काढणार नाही. दोघांनी आमच्यासाठी रजा काढल्या होत्या. पहिल्या रात्री डब्यांतून जेवण आले : पनीरची केशरी भाजी, नान आणि काळी डाळ. दुसऱ्या दिवशी दुपारी पनीरची हिरवी भाजी. रात्री आम्हाला एका मोठ्या हॉटेलात नेले. तिथे पनीर पांढऱ्या रश्श्यात होते. तिरंगा पुरा झाला!

सकाळच्या न्याहारीला संत्र्याचा रस होता, पण तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून ओतलेला. मी घरून आणलेली, मागाहून तोडलेली संत्री तिथेच सज्जात पिशवीत पडून होती. आता हे पाहा : ज्या संत्र्याला नागपूरच्या नावाने २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही सीताबर्डीच्या चौकात पिकत नाही. ते आमच्या नरखेड-काटोलात पिकते आणि वर्धा नदीपलीकडे वरुड-मोर्शीत पिकते. शहराने आमच्या फळाला नाव दिले, त्याची तक्रार नाही. पण फळ हाताशी असताना खोके फोडावे? मी रस प्यालो. पाहुण्याने तोंड उघडायचे ते घास घेण्यापुरते, अशी आमच्या घरची शिकवण.

तिसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून निघालो आणि एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, वर कच्चा कांदा. माझी बशी कोरडी पडलेली पाहून टपरीवाला आपण होऊन म्हणाला, "काकाजी, तर्री घ्या ना अजून, तिचे पैसे नाही लागत." दोन दिवसांत प्रथमच कोणी मला नागपूर वाढले.

दुपारी सावजी खानावळ गाठली. सावजी म्हटले की बाहेरच्या माणसाला फक्त तिखट आठवते. हल्ली तरुण मुले तिथे पैज लावून जातात, डोळ्यांतून पाणी काढतात आणि मोबाईलवर त्याचे चित्रण करतात. हे जेवण म्हणजे काय आखाडा आहे? ते हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे रांधणे. हातमाग बसत गेले तशा त्यांच्यातल्या अनेक घरांनी खानावळी काढल्या, आणि जे चुलीपाशी होते तेच दुकानात मांडले. मसाला भाजून पाट्यावर वाटण्यात पिढ्यांचा हात मुरलेला आहे. त्याचे कौतुक सोडून नुसता ठसका मोजत बसणे म्हणजे पैठणीचे वजन करण्यासारखे आहे.

पण मुख्य गोष्ट घडली ती त्याच रात्री. बाहेरून जेवून आलो होतो. अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा. पुतण्या आणि सूनबाई ओट्याशी उभी राहून गोळाभात खात होती! बेसनाचे गोळे कुस्करलेला भात, वर लसूण-मिरचीच्या फोडणीचे तेल. मला पाहून दोघे चोरी पकडल्यासारखी थबकली. "बाहेरच्यानं पोट भरत नाही, काकाजी," पुतण्या म्हणाला. मी म्हटले, "मग मलाही वाढा." त्यावर सूनबाई ओशाळून म्हणाली, "हे तुमच्यासाठी नाही काकाजी, हे आपलं असंच, आमच्यापुरतं."

तुमच्यासाठी नाही! माझे सारे भांडण या दोन शब्दांशी आहे. घरचे ते घरच्यांना, आणि पाहुण्याला बाजारातले. आम्ही याला मान म्हणतो. मी म्हणतो, पाहुण्याला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची ही एक सभ्य रीत आहे. डब्यातले ते जेवण त्याच रात्री पुण्यात, इंदुरात, रायपुरातही कोणी तरी खात असेल. ते खायला काकाने नागपूरला कशाला यावे? पनीरशी माझे वैर नाही. पंजाबातल्या कोण्या घरी त्यांच्या हातचे वाढले तर मी बोटे चाटून खाईन. मला हवे आहे ते ज्याच्या घरी गेलो त्याचे.

पुतण्या वकिली चांगली करतो. म्हणाला, "तुम्ही घरी रोज झुणका-भाकरच खाता. इथे येऊनही तेच खाऊ घालू?" होय, तेच घाल. तुझ्या झुणक्यात आणि माझ्या झुणक्यात जो फरक आहे, तोच पाहायला मी आलो. त्या रात्री मी उभ्याने दोनदा गोळाभात घेतला. चार दिवसांच्या सहलीत पोटात गेलेले ते पहिले घरचे अन्न.

एवढे बोलून थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण मागच्या वर्षीच्या दिवाळीत आमच्याकडे पुण्याहून साडू आले होते, हे सांगितल्यावाचून सुटका नाही. पुडाची वडी करायचे ठरले होते. आमच्याकडे तिला सांबारवडी म्हणतात. साडूंच्या घरच्यांनी नाव ऐकताच विचारले, "म्हणजे इडलीबरोबर असतं ते सांबार?" आमचा सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सांगायला किती वेळ लागला असता? पण आम्हीच खजील झालो. बेत मोडला, आणि मी स्वतः गाडी काढून तालुक्याहून पनीर आणले. जाताना साडू म्हणाले, "तुमच्याकडचा वडाभात खायचा राहिलाच की." तेव्हा पुतण्याला काय म्हणून बोल लावू?

घरी परतल्यावर मी हा सगळा सिद्धान्त बायकोला मोठ्या तावातावाने ऐकवला. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "पाहुणचार तुमचा, अन् वाफ माह्या तोंडावर, हो ना? सांबार निवडा, धुवा, सुकवा, चिरा. खसखस भाजा, खोबरं भाजा. पारी लाटा, चिंचेचा हात फिरवा, घडी घाला, तळा. संगं कढी करा. अन् सगळे उठल्यावर मंग मी बसू. पनीर आलं का निदान चार घास पंगतीत बसून खाता येतात."

पनीरच्या बाजूने मी ऐकलेला हा एकच खरा मुद्दा. घरच्या अन्नाचा अभिमान मिरवणारे आम्ही सारे पुरुष या मुद्द्यापाशी घाम पुसू लागतो. मला मात्र रोडगे आठवले. वाडीत रोडग्यांचा बेत असला की आमच्याकडे कणीक तिंबतात पुरुष, गोवऱ्यांचा जगरा पेटवतात पुरुष, राखेतून रोडगे काढताना बोटे भाजून घेतात तेही पुरुषच. वांग्याची भाजी आणि वरणसुद्धा तेच करतात, आणि बाया ऐटीत पंगतीला बसतात. शेतात शंभर माणसांचे रांधणारे हे हात घराच्या उंबऱ्याशी आले की लुळे पडतात, हा कोणता रोग?

यंदा भाऊबीजेनंतर पुतण्या सहकुटुंब येतो आहे. मी फोनवर त्याला सांगून टाकले आहे की पनीर मिळणार नाही, आणि वडीची घडी घालायला त्याला माझ्या शेजारी बसावे लागेल. काल सरावासाठी म्हणून बाजारातून सांबाराच्या चार जुड्या आणल्या आणि अंगणात निवडत बसलो. तासाभराने बायको येऊन सुपात डोकावली आणि म्हणाली, "पानं कुठं हायत? ह्या तर सगळ्या काड्याच दिसून राहिल्या."