फुंकर

वाचकहो, या सदरात आजवर आपण व्याकरणाविषयी बोललो, पाठ्यपुस्तकांविषयी बोललो, क्वचित पोळ्याच्या बैलांविषयीही बोललो. या वेळचा विषय वाचून काही ज्येष्ठ वाचक चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहतील, याची मला कल्पना आहे. टीव्हीला जोडून खेळावयाचा जुना व्हिडिओ गेम आणि त्याच्या न चालणाऱ्या कॅसेटी, हा तो विषय. मराठीचा एम. ए. झालेल्या, सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ओघात येईलच. ते फारसे भूषणावह नाही.

गेल्या दिवाळीपूर्वी माळा झाडताना एक पुठ्ठ्याचे खोके खाली आले. धाकट्या भावाचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याने ते उघडले आणि ओरडला, "मोठे बाबा, हा तर बाबांचा व्हिडिओ गेम!" खोक्यात पिवळे पडलेले यंत्र होते, वेटोळे झालेल्या वायरींचे दोन रिमोट होते आणि पाच कॅसेटी होत्या. १९९४ साली, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, हे सारे मी गोंदियाहून धाकट्या भावासाठी आणले होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते आणि आमच्याकडून तिकडे जाणारी रेल्वेही अरुंद रुळांची होती. मांडीवर खोके घेऊन केलेला तो प्रवास मला अजून आठवतो.

पुतण्याने यंत्र टीव्हीला जोडले. पाचांपैकी एकच कॅसेट चालली, तीही मारिओच्या अंगावर इंग्रजी अक्षरे उमटवीत. मी सवयीने कॅसेट काढली, ओठांशी धरली आणि बासरी वाजवावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर घातली. त्या पिढीतल्या प्रत्येक घरी हाच उपाय होता. कोणी कोणाला शिकविला, देव जाणे. जपानपासून अमेरिकेपर्यंत आणि मुंबईपासून आमच्या हट्ट्यापर्यंत सगळी मुले फुंकरच मारीत.

या यंत्राचा मूळपुरुष जपानी. निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' बाजारात आणला. त्याचा आराखडा मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली सिद्ध झाला. अमेरिकेत तोच १९८५ मध्ये निराळ्या पेटीत, 'एनईएस' या नावाने गेला. आपल्याकडे पोहोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. मीडिया, सामुराई, लिटल मास्टर ही नावे नव्वदच्या दशकात वाढलेल्या वाचकांना आठवत असतील. आपण ज्याला कॅसेट म्हणतो त्याचे खरे नाव कार्ट्रिज, कारण आत फीत नसतेच. पण भाषेत रूढी बलीयसी, म्हणून मी कॅसेटच म्हणणार.

आत असते एक सर्किटची पाटी. तिच्या खालच्या कडेवर, दोन्ही अंगांना मिळून, जपानी घाटात साठ आणि अमेरिकन घाटात बहात्तर तांब्याच्या पट्ट्या असतात व त्यांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. स्वस्त नकलांत तोही नावापुरताच, किंवा सोन्याच्या जागी कथील. यंत्राच्या खाचेत तितक्याच लवचिक पत्र्या या पट्ट्यांना दोन्हीकडून चिमटीत धरतात. सगळा संसार या साठ स्पर्शांवर चालतो. त्यांतला एक जरी सुटला तरी खेळ बिघडतो, आणि कोणता सुटला हे पुष्कळदा पडद्यावरून ओळखता येते. बहुतेक कॅसेटींत खेळाचा कार्यक्रम एका चिपमध्ये आणि चित्रे दुसरीत असतात. पडदा नुसताच राखाडी किंवा एकरंगी राहिला, तर संशय कार्यक्रमाच्या पट्ट्यांवर घ्यावा. संगीत वाजते आहे, पात्रे उड्याही मारीत आहेत, पण त्यांची शरीरे विस्कटलेली आहेत, तर चित्रांच्या पट्ट्या मळलेल्या आहेत. मूळ जपानी रचनेत आणखी एक गंमत आहे. यंत्राचा आवाज एका पट्टीने कॅसेटीत जातो आणि शेजारच्या पट्टीने परत येऊन टीव्हीकडे निघतो. म्हणून चित्र स्वच्छ असून खेळ मुका झाला, तर टीव्हीला दोष देण्याआधी पंचेचाळीस आणि सेहेचाळीस क्रमांकांच्या पट्ट्या पाहाव्यात.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेले नाही. ते मला बालाघाटच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, स्टुलावर बसून मिळाले. पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा, फुंकरीने नाही होणार, कोणाला तरी दाखवू." दुकानाच्या पायरीशी आलो तेव्हा दुकानदाराने मान वर केली, उठून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, ओळखलं का?"

मी ओळखले. आणि वाचकहो, खरे सांगायचे तर त्या क्षणी परत फिरावेसे वाटले.

१९९५ च्या पावसाळ्यात हा मुलगा माझ्या सातवीच्या वर्गात होता. घर आमच्याच गल्लीत. वडील आठवडी बाजारात भाजी घेऊन बसत. रविवारी आमच्या पडवीत मुले जमत, त्यांत हा असे. एकदा शेजाऱ्याकडे पाहुण्यांनी असेच यंत्र आणले, म्हणून त्याने टँकची कॅसेट चार दिवसांसाठी मागून नेली. परत आणली तेव्हा ती चालेना. मी फुंकरी मारमारून थकलो, पडदा राखाडीच. मी त्याला म्हणालो, "पाण्यात पाडलीस ना?" तो म्हणाला, "नाही सर, मी काहीच नाही केलं." मी पुन्हा विचारले, त्याने पुन्हा तेच सांगितले. आमच्या गावाचे नाव हट्टा असल्याने आम्ही हट्टी, असे सासुरवाडीची मंडळी मला थट्टेने म्हणतात. पण त्या दिवशी हट्ट माझा होता, आणि तोही पोराशी. मी त्याच्या वडिलांना बोलाविले. ते काही बोलले नाहीत. कॅसेटीचे दीडशे रुपये त्यांनी तीन बाजारांत, पन्नास पन्नास करून, आणून दिले. आणि मी ते घेतले. मुलगा त्यानंतर आमच्या पडवीत आला नाही.

त्याच मुलाने आता माझ्यासमोर पाचही कॅसेटी उघडल्या. अमेरिकन कॅसेटींचे स्क्रू निराळ्या घाटाचे असतात आणि त्यांना खास पाना लागतो. आपल्याकडच्या नकला साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने किंवा कडेला नखी लावून उघडतात. त्याने पाट्या दिव्याखाली ओळीने मांडल्या. चारांच्या पट्ट्यांवर हिरवट-काळे ठिपके होते, पावसाचे थेंब धुळीवर पडावेत तसे विखुरलेले. त्याने विचारले, "सर, फुंकर मारत होते ना तुम्ही?"

फुंकरीत वारा असतो तसा ओलावाही असतो, आणि थुंकीचे सूक्ष्म तुषारही. त्यांतले क्षार सोन्याच्या विरळ मुलाम्याखालच्या तांब्यापर्यंत पोहोचतात आणि तेथे तांबे हळूहळू खाल्ले जाते. पितळी भांड्यात ताक कळकते, हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक असते. ही त्याच कुळातली गोष्ट. आमच्याच जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे, १९८२ पासून हिंदुस्थान कॉपर ती चालविते, आणि ते धातू ओलाव्यापुढे किती दुबळे आहे हे मुख्याध्यापकाला पन्नाशीनंतर कळावे! शिवाय आमचे खोरे वैनगंगेचे, धानाचे. चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात.

मग फुंकर मारल्यावर खेळ सुरू कसा होई? त्याचे उत्तर असे की सुरू होई तो फुंकरीने नव्हे. फुंकरण्यासाठी कॅसेट बाहेर काढावी लागे आणि पुन्हा आत घालावी लागे. त्या घर्षणात पट्ट्या पुसल्या जात आणि पत्र्या नव्या जागी टेकत. फुंकर न मारता दोनदा काढ-घाल केली असती तरी तेवढेच काम झाले असते. अमेरिकेतल्या एका हौशी गृहस्थाने दोन सारख्या कॅसेटी घेऊन एकीवर महिनाभर रोज दहा वेळा फुंकर घातली आणि दुसरी तशीच ठेवली. फुंकलेलीच्या पट्ट्या कळकल्या. निन्टेन्डोनेही आपल्या ग्राहकांना फुंकू नका, श्वासाच्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात, असेच बजावले आहे.

मी त्या पाट्यांकडे पाहत होतो. टँकची त्याने चार दिवस नेली होती. बाकीच्या त्याने घरी कधीच नेल्या नव्हत्या. तरी चारांवर ठिपके तेच. पाचवी जी बऱ्यापैकी चालली, ती एका पौराणिक वाटणाऱ्या चिनी खेळाची होती; कोणाला आवडली नाही म्हणून तिला फारसे कोणी फुंकलेच नव्हते. परीक्षेतल्या नकला पकडताना दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहणे हा माझा आवडता उपाय. येथे पाच उत्तरपत्रिका होत्या आणि हस्ताक्षर माझे होते.

मी म्हणालो, "चूक माझी होती रे. तुझ्या बाबांकडून मी..."

त्याने डोके वर केले नाही. म्हणाला, "सर, तोंड जरा लांब ठेवा. श्वास लागतो."

मी स्टूल मागे घेतले, आणि तो काम करीत गेला. ते काम घरीही करता येण्यासारखे आहे, म्हणून सविस्तर सांगतो. आधी कोरड्या मऊ ब्रशाने धूळ काढावी. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे, नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते असते. कान कोरण्याची कापसाची काडी त्यात किंचित भिजवून पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली, पुसावे; आडवे पुसल्यास मळ एका पट्टीवरून दुसरीवर जातो. काडी काळी झाली की टाकून नवी घ्यावी. आमच्या पहिल्या कॅसेटीला अकरा काड्या लागल्या. २०२० पासून घरोघरी उरलेले सॅनिटायझर मात्र वापरू नये, त्यात पाणी आणि पुष्कळदा ग्लिसरीन असते, ते पट्टीवर चिकट थर ठेवते. चिंच, लिंबू, पितळेचे पॉलिश, यांचा मोह देवघरापुरता ठेवावा. हट्टी डागासाठी पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवावा आणि त्याचा भुगा झटकून पुन्हा अल्कोहोलने पुसावे. पॉलिश पेपर तर कदापि नको. सोन्याचा मुलामा केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाइतकाही नसतो. एकदा खरवडला की ती पट्टी दर पावसाळ्यात नव्याने कळकणार. शेवटी दहा मिनिटे वाळू द्यावे आणि मगच यंत्रात घालावे. यंत्र चालू असताना कॅसेट काढू वा घालू नये.

कॅसेट स्वच्छ करूनही भागले नाही तर दोष खाचेत असतो. जाड पुठ्ठ्याला सुती कापड गुंडाळून, त्यावर थोडे अल्कोहोल घेऊन, खाचेत चार-सहा वेळा आत-बाहेर करावे. पत्र्याच ढिल्या झाल्या असतील तर खाच बदलावी लागते. अमेरिकन यंत्राची खाच यासाठी बदनाम आहे. व्हिडिओ रेकॉर्डरसारखे दिसावे म्हणून त्यात कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबावयाची योजना केली, आणि दाबून दाबून पत्र्या वाकल्या. अडॅप्टर बदललेला असल्यास यंत्रावर छापलेली व्होल्टची व ध्रुवांची खूण पाहावी. मूळ जपानी यंत्रात पिनेचा मध्य ऋण असतो, आणि उलटा अडॅप्टर लावल्याने यंत्रे जळतात. ज्या कॅसेटी खेळ जपून ठेवतात त्यांत एक नाण्याएवढी बॅटरी असते. ती बदलताना जपलेला खेळ पुसला जातो, हे मुलांना आधी सांगावे.

चौथ्या कॅसेटीत चिपऐवजी काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसला. स्वस्त नकलांत उघडी चिप पाटीवर चिकटवून वर हा थेंब ओततात. आतला सूक्ष्म तार तुटला की उपाय नाही. सुदैवाने तिचा दोष थेंबात नव्हता, एका पट्टीजवळच्या टाक्याला बारीक चीर गेली होती. त्याने सोल्डरिंगचे टोक क्षणभर टेकविले आणि टाका पुन्हा चकाकला. त्या कॅसेटीवर 'नऊशे नव्व्याण्णव खेळ' असे छापलेले आहे. प्रत्यक्षात वीस-पंचवीस, बाकी सगळी तीच नावे फिरवून. हे आम्हाला १९९४ सालीच कळले होते, पण आईला आम्ही आकडा नऊशे नव्व्याण्णवच सांगितला होता.

टँकची त्याने शेवटी घेतली. तिला सर्वांत जास्त वेळ लागला. दुकानातल्या लहान टीव्हीवर विटांच्या भिंती उमटल्या, खाली मधोमध गरुड बसला आणि पिवळा रणगाडा गुरगुरू लागला. एकोणतीस वर्षांनी. पुतण्याने रिमोट उचलला. आम्ही दोघे उभे राहून पाहत होतो. तो म्हणाला, "सर, दुसऱ्या फेरीपर्यंतच जात होतो मी. तिसरी कधी पाहिलीच नाही."

मी पाकीट काढून विचारले, "किती झाले?"

"पन्नास रुपये एका कॅसेटीचे. चारांचे दोनशे."

"अरे, पाच आहेत."

त्याने यंत्र बंद केले, टँकची कॅसेट काढली, रुमालाने पुसली आणि गल्ल्याच्या शेजारच्या काचेच्या कपाटात उभी करून ठेवली.

"ही आमची आहे ना, सर. बाबांनी पैसे भरले होते."

मी दोनशे रुपये दिले. पुतण्याने चार कॅसेटी पिशवीत घातल्या. तेवढ्यात फुटलेल्या काचेचा मोबाईल घेऊन एक गिऱ्हाईक आले आणि तो त्याच्याकडे वळला.