भस्माची चमक आणि होलोग्रामचे चित्र

शांती नगर येथील आमच्या एका सभासदांच्या औषधालयात अलीकडे एक विक्रेता आला. त्याच्या अभ्रकभस्माची डिजिटल होलोग्राफिक सूक्ष्मदर्शकाने तपासणी झाली असून ते ‘नॅनो’ ठरले आहे, असे सांगून त्याने एक रंगीत चित्र पुढे केले. चित्र देखणे होते. दावा मात्र आम्हांस मान्य नाही.

या यंत्राचे मूळ डेनिस गेबर यांच्या होलोग्राफीत आहे. त्या शोधासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लेसरचा प्रकाश दोन भागांत विभागतात. एक भाग पृष्ठभागावरून परावर्तित होतो, दुसरा त्यास न शिवता येतो. दोहोंच्या मिलनाने उमटणारी नक्षी कॅमेरा टिपतो व संगणक तीवरून उंचसखलपणा मोजतो. गुळगुळीत पृष्ठभागावर काही नॅनोमीटरांचा चढउतारही त्यात कळतो. गोम येथेच आहे. उभ्या दिशेची ही सूक्ष्मता आडव्या दिशेस लाभत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पन्नास नॅनोमीटरांचे दोन शेजारी कण या यंत्रास पृथक् दिसणार कसे? त्यातून भस्म हे सैल, खडबडीत चूर्ण. त्यावरून प्रकाश विखुरतो. गोळीयंत्राच्या पंचाची झीज पाहावयाची असेल तर औषधनिर्मात्यांनी हे साधन अवश्य वापरावे.

मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जसदभस्मावरील अभ्यासात नॅनो आकाराचे कण आढळले, हे खरे. परंतु त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला, आणि भस्मातील सर्वच कण तसे असल्याचा दावा त्यांनी केलेला नाही.

पृष्ठभागाची परीक्षा आपल्या शास्त्रास नवी नाही. बोटांच्या रेषांत भस्म शिरते का, हे आपण पाहतोच. अभ्रकाची चकाकी त्याच्या सपाट पापुद्र्यांवरील परावर्तनाची असते. म्हणून निश्चंद्रत्वाचा आग्रह. आमच्या सभासदांनी चिमूटभर भस्म खिडकीतील उन्हात धरले, तो तीन-चार ठिकाणी चमक दिसली! विक्रेत्याने पुढच्या घाणीतील माल देण्याचे कबूल केले. (चित्र मात्र तेच राहणार होते.)

शिसे किंवा आर्सेनिक किती आहे, हेही असल्या चित्रातून कळत नाही. त्यास रासायनिक पृथक्करणच हवे. म्हणून वेष्टनावर ‘नॅनो’ लिहिणाऱ्याकडे आपण तीन गोष्टी मागाव्यात: कोणत्या यंत्राने पाहिले, कोणत्या घाणीचा नमुना होता आणि त्याच घाणीचा निश्चंद्र व अपुनर्भव परीक्षेचा निकाल. हे मिळेपर्यंत माल ठेवून घेऊ नये.